अकरावा

लाँचमधून उतरलेल्या पोरसवदा साहेबानं
कागद पुढे सरकवला.
‘कारणे’ : रकाना दोन बोटं रुंद.
‘परिणाम’ला थोडी जास्त जागा.
मी हेलेंचाडांगा ठाण्याचा मुहुरी,
रकान्यात मावेल तेवढंच लिहायची सवय.
पण दौत त्यानं काठोकाठ भरून आणली होती,
म्हणून लिहितो.

बेचाळीसचा वैशाख. रंगून पडलेलं.
जपानी येणार, नदीनंच येणार, असं सदरला ठरलं
आणि हुकूम आला :
दहांहून जास्त माणसं वाहील ती प्रत्येक नाव
जमा करा, नाहीतर फोडा.
दहा माणसं म्हणजे किती, ते हुकमात नव्हतं.
दारोगा म्हणाला, बसवून बघू.

बलेश्वरच्या घाटावर एक हाक मारली की दहा जमत तेव्हा.
जटाधर मालोच्या नावेत चढले
खगेन कुंभार, सोनाउल्ला, त्याचे दोघे मेहुणे,
पोट सुटलेला बिपिन तेली,
आणखी पाच, त्यांची नावं आठवत नाहीत.
हसत होते. फुकटचा फेरफटका वाटला त्यांना.
पाणी काठाच्या चार बोटं खाली.
दारोगा मला म्हणाला, तू चढ.
चपला काढून चढलो.
नाव बुडाली नाही.

उतरून लिहिलं : जप्त.

नावांना नावं होती,
दुधराज, थोरली सून, एकीचं तर नुसतं ‘ये गं’.
वहीत फक्त आकडे गेले.
काही कुऱ्हाडीनं फोडल्या, काही पेटवल्या,
उरलेल्या ठाण्यामागच्या खाडीत कुजत ठेवल्या.
भरपाईच्या पावत्या मीच फाडल्या.
रुपये खरे होते, पण
रुपयावर बसून नदी ओलांडता येत नाही.

खगेनची माती पलीकडच्या चरावर.
सोनाउल्लाचं भातही तिकडेच उभं, आणि तो इकडे उभा.
मग सरकारी चिठ्ठी घेऊन कंत्राटदार आले,
तांदूळ शत्रूच्या हाती पडू नये म्हणून
आमच्या हातून न्यायला.
त्यांच्या नावा कुणी मोजल्या नाहीत.
मणाला सहा होता, कालीपूजेला बारा,
पुढच्या चैत्रात बावीस,
आषाढात भाव विचारणंच थांबलं.
कलकत्त्याला गिरण्यांच्या कोठारात होता म्हणे.
लढाईला कामगार लागतात,
आणि ठाण्याला मुहुरी. मला शिधा चालू होता.

जपानी काही आला नाही.

परिणाम.
खगेननं चाक विकलं, मग दाराची फळी.
घरात दोन बायकांत एक लुगडं, म्हणून
कुसुमबाला दिवसा बाहेर दिसेना;
नंतर रात्रीही.
तळ्यातली हेलेंचाची भाजी मुळासकट संपली,
गावाच्या नावात तेवढी उरली.
भात मागायची लाज वाटे. लोक पेज मागत,
म्हणत, तुम्ही ओतून देता ते पाणी द्या.

मरणाच्या वहीबद्दल तोंडी सूचना होती :
भूक हा रोग नव्हे.
मी ताप लिहिला. हगवण लिहिली.
एका मंगळवारी एकतीस ताप.
तुम्हाला ती वही दाखवतील, साहेब.
अक्षर चांगलं आहे.

भाद्रपदात बाजारतळावरची प्रेतं हलवायला
दारोगानं खाडीतली एक नाव काढायला लावली.
जटाधरची निघाली.
फटींत चिंध्या कोंबल्या.
जटाधर स्वतः सातवा होता.
मी मोजत होतो, सवयीनं.
दहा झाले, पाणी हातभर खाली.
अकरा. पंधरा. बिपिन तेली कुठला, ते ओळखू आलं नाही.
सव्विसाव्याला दारोगा म्हणाला, बस.
नाव पाण्यावर सालीसारखी डुलत होती.

वल्हवायला कुणी नव्हतं.
मी चढलो.
तेव्हा कुठे ती दबली.